दानपेटीला नाव विचारायचं का? धार्मिक संस्थांची करसवलत आणि सिनॉप्सिसमधला एक फसवा प्रश्न

पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस. कायदा, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेतलेल्यांच्या विषयांच्या यादीत एक शीर्षक हमखास असतं : 'धार्मिक संस्थांना करमाफी असावी का? एक चिकित्सक अभ्यास'. विषय कुणालाही आवडेल असाच आहे. टपरीवर चहा घेताना नुसता काढला तरी दोन तट पडतात. एक म्हणतो, देवस्थानांकडे एवढा पैसा आहे, सरकारने कर का घेऊ नये? दुसरा म्हणतो, देवाला वाहिलेल्या पैशावर कसला कर? आणि दोघंही तावातावाने ज्या 'करमाफी'वर भांडतात ती नेमकी कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमात आहे, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

टपरीवर ते चालतं. आरआरसीसमोर चालत नाही. तुमचा विषय हाच किंवा याच्या आसपासचा असेल तर माझं म्हणणं ऐका : या रूपातला हा प्रश्न मोडीत काढा. त्याच्या पोटात एक छोटा, अवघड आणि खरोखर न सुटलेला प्रश्न दडलेला आहे. तो दानपेटीपाशी आहे. तिथपर्यंत पोचायला आधी बरंच काही बाजूला सारावं लागतं, म्हणून थोडा धीर धरा.

सुरुवात मूळ तरतुदीपासून करू. आयकर कायदा, १९६१ चं कलम ११ म्हणतं की धर्मादाय किंवा धार्मिक कारणासाठी न्यास म्हणून धारण केलेल्या मालमत्तेचं उत्पन्न, ठरावीक अटी पाळल्या तर, एकूण उत्पन्नात धरलं जाणार नाही. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. शाळा चालवणारा ट्रस्ट, रुग्णालय चालवणारा ट्रस्ट, मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा चालवणारा ट्रस्ट, सगळे एकाच दारातून आत येतात. ही जोडी जुनी आहे. १८८६ च्या आयकर कायद्यातही धार्मिक किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठीच वापरलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नाला सूट होती. म्हणजे 'स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी मतांसाठी दिलेली सवलत' हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर येणारं वाक्य तिथेच बाद होतं.

आता अटी बघा. कलम १२एबीखाली नोंदणी हवी. सूट-मर्यादेच्या वर उत्पन्न गेलं की हिशेबतपासणी हवी, आयटीआर-७ भरायला हवा. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च करायला हवा. तसा झाला नाही आणि पुढच्या खर्चासाठी रीतसर राखूनही ठेवला नाही, तर त्यावर कर लागतो. पैसा गुंतवायचा तर कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच. विश्वस्तांनी आपल्या नातलगांना फायदा करून दिला तर सवलतीवर गदा येते. थोडक्यात, ही सवलत संस्था धार्मिक आहे म्हणून मिळत नाही. कबूल केलेल्या कामावर पैसा खर्चला म्हणून मिळते.

हे मी एवढं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. या विषयावरचं इंग्रजी साहित्य बहुतांशी अमेरिकन आहे आणि आपण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ते तसंच्या तसं उतरवतो. अमेरिकेत चर्चला सवलतीसाठी अर्जही करावा लागत नाही आणि इतर ना-नफा संस्थांना भरावं लागणारं वार्षिक विवरणपत्रही भरावं लागत नाही. तिथला 'चर्चेसना हिशेब विचारा' हा वाद त्यातून जन्मला आहे. आपल्याकडे हिशेब विचारला जातोच, आणि दोनदा : एकदा आयकर विभागाकडून, दुसऱ्यांदा महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडून. तिथली तक्रार इथे चिकटवली की प्रबंध पहिल्याच प्रकरणात घसरतो.

आता व्हॉट्सअॅपवरचा लाडका मुद्दा : 'मंदिरांकडून कर घेतात, बाकीच्यांना माफी.' आयकराबाबत हे साफ चूक आहे. कलम ११ धर्म विचारत नाही. पण हा समज हवेतून आलेला नाही, आणि संशोधकाने समज झटकून टाकण्याऐवजी त्याचा उगम शोधायचा असतो. काही राज्यांत मंदिरांच्या देखरेखीचे वेगळे कायदे आहेत आणि त्यांखाली मंदिरांकडून अंशदान घेतलं जातं. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्या मंदिरांकडून १० टक्के आणि १० लाख ते एक कोटीपर्यंत ५ टक्के रक्कम सामाईक निधीत घेण्याचं, तेव्हा 'मंदिरांवर कर' अशाच बातम्या झाल्या. तो कर होता की अंशदान?

या प्रश्नाचं सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं उत्तर मला या अख्ख्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. मार्च १९५४. दोन दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले, दोन्ही न्या. बी. के. मुखर्जी यांनी लिहिलेले. पहिला शिरूर मठाचा. (हा आपला पुणे जिल्ह्यातला शिरूर नव्हे. उडुपीच्या अष्टमठांपैकी एक.) मद्रासच्या १९५१ च्या कायद्याने धार्मिक संस्थांकडून उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत अंशदान घ्यायची सोय केली होती. न्यायालय म्हणालं, हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो, दिलेल्या सेवेशी त्याचा हिशेब जुळलेला नाही, म्हणून हा कर आहे, आणि असा कर बसवायचा अधिकार राज्य विधिमंडळाला नाही. दुसरा निकाल रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ५८ खालचं अंशदान मात्र टिकलं. का? तो पैसा वेगळ्या प्रशासन निधीत जमा होतो आणि ट्रस्टांच्या देखरेखीवरच खर्च होतो. म्हणून ते शुल्क.

दोन्हीकडे देणारा ट्रस्ट, घेणारं सरकार. फरक एवढाच की पैसा पुढे कुठल्या खात्यात गेला. पुढच्या काळात कर आणि शुल्क यांच्यातली ही रेघ न्यायालयांनीच बरीच सैल केली, तो भाग तुम्ही स्वतः वाचा. पण धडा पक्का आहे : 'देवस्थान सरकारला पैसे देतं' या एका वाक्यात आयकर, अंशदान, शुल्क अशा तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे लिहायला घेऊ नका.

जीएसटी आणि घरपट्टीचा भाग मी पटकन उरकतो. मंदिर, मशीद, दर्गा, गुरुद्वारा यांनी दिलेल्या प्रसादावर जीएसटी नाही, धार्मिक विधीच्या सेवेवरही नाही. धर्मस्थळाच्या आवारातली खोली दिवसाला हजार रुपयांच्या आत असेल तर भाड्यावर नाही, हजार किंवा वर गेली की सूट संपते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला सर्वसाधारण करातून सूट आहे. या सगळ्यांत तत्त्व एकच दिसतं : पूजेला सूट, धंद्याला नाही. सीमारेषेवर खटले होतात, व्हायचेच. पण तत्त्वाबद्दल मला फारसं भांडण दिसत नाही.

मग भांडण कुठे आहे? आधी सिद्धांताचा एक घोट घेऊ. 'करसवलत म्हणजे अनुदानच' हा विचार स्टॅन्ली सरी यांनी अमेरिकेच्या वित्त खात्यात असताना १९६७ मध्ये 'करखर्च' या संकल्पनेतून रूढ केला. सरकारने न घेतलेला रुपया हा दिलेलाच रुपया. उलट बाजूला बोरिस बिटकर आणि जॉर्ज रॅडर्ट यांनी १९७६ मध्ये मांडलं की ना-नफा संस्थेचं 'उत्पन्न' ही गोष्टच नीट मोजता येत नाही, कारण तिथे नफा खाणारा मालकच नाही. जे मुळात करपात्र नव्हतं ते सोडलं, यात अनुदान कसलं? मला बिटकर जास्त पटतात. देवस्थानावर ३० टक्के कर बसवला तर तो देव भरत नाही आणि विश्वस्तही भरत नाहीत. तो भरतो दहाची नोट टाकणारा, जो स्वतः आयकराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. 'देवस्थानं श्रीमंत आहेत' म्हणणारे संपत्ती आणि उत्पन्न यांत गल्लत करतात आणि कराचं ओझं अखेर कुणावर पडतं हा सार्वजनिक वित्तातला पहिला प्रश्न विसरतात.

अमेरिकन निकाल उसने घ्यायचेच असतील तर दोन घ्या, आणि दोन्ही एकत्र घ्या. वॉल्झ (१९७०) मध्ये चर्चच्या इमारतींना घरपट्टीतून दिलेली सूट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली, कारण ती सूट ग्रंथालयं, रुग्णालयं, शाळा अशा मोठ्या गटाला होती आणि चर्च त्यातला एक भाग. टेक्सस मंथली (१९८९) मध्ये फक्त धार्मिक नियतकालिकांना दिलेली विक्रीकराची सूट त्याच न्यायालयाने रद्द केली. आपली राज्यघटना वेगळी आहे, त्यामुळे हे निकाल इथे बंधनकारक सोडाच, थेट लागूही होत नाहीत. पण चष्मा म्हणून कामाचे आहेत. सगळ्यांना असलेली सूट धर्मालाही मिळणं वेगळं आणि फक्त धर्मालाच सूट मिळणं वेगळं.

हा चष्मा लावून आपला आयकर कायदा पुन्हा वाचला की कलम ११ वॉल्झसारखं दिसतं. सगळे आत. मग 'फक्त धर्मालाच' असं काही आहे का? दोन जागा सापडतात.

पहिली, ८०जी. इथे सवलत संस्थेला नसून देणगीदाराला आहे, आणि साधारण नियम धर्माच्या विरुद्धच आहे : ८०जी हवी असेल तर संस्थेने धार्मिक कामावर एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. पण त्याच कलमात एक खिडकी आहे. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचं, अथवा ख्यातकीर्त सार्वजनिक पूजास्थान म्हणून केंद्राने अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्चच्या दुरुस्ती-जीर्णोद्धाराला दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. मे २०२० मध्ये श्रीराम जन्मभूमी तीर्थ क्षेत्र न्यास याच खिडकीतून आत आला. इथे मात्र सरीचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. देणगीदाराच्या करपात्र उत्पन्नातून वजावट देणं म्हणजे देणगीतला काही वाटा तिजोरीने उचलणं. हे घटनेच्या अनुच्छेद २७ शी कसं जुळतं, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. ज्याला घ्यायचाय त्याने हज अनुदानावरच्या प्रफुल्ल गोराडिया (२०११) निकालापासून सुरुवात करावी.

दुसरी जागा म्हणजे दानपेटी.

२००६ च्या वित्त कायद्याने कलम ११५बीबीसी आणलं. निनावी देणग्यांवर सरळ ३० टक्के कर. हेतू उघड होता, ट्रस्टांच्या नावाखाली बेहिशेबी पैसा धुतला जातो तो थांबवायचा. निनावी म्हणजे काय? जिथे देणाऱ्याचं नाव-पत्ता सांगणारी नोंद संस्थेने ठेवलेली नाही ती देणगी. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल तेवढं सोडून उरलेल्यावर कर. आणि मग अपवाद. पूर्णतः धार्मिक कारणासाठी असलेल्या संस्थेला हे लागू नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशा दुहेरी संस्थेलाही नाही, फक्त तिच्या शाळा-रुग्णालयासाठी म्हणून स्पष्टपणे दिलेली निनावी देणगी सोडून.

आकड्यांत बघा, उदाहरण काल्पनिक आहे. एक अनाथाश्रम. वर्षाच्या देणग्या ४० लाख. त्यातले १० लाख दुकानांत, स्टँडवर ठेवलेल्या डब्यांतून आले, नावं नाहीत. ५ टक्के म्हणजे २ लाख सुटले. उरलेल्या ८ लाखांवर ३० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये कर. शेजारी एक मंदिर, तेवढ्याच देणग्या, तेवढेच निनावी. या कलमाखाली कर शून्य. डबा तोच, नोट तीच, टाकणारा माणूससुद्धा कदाचित तोच.

इथे एक खुलासा करतो, कारण परीक्षक हमखास विचारतात. ११५बीबीसी लागलं नाही म्हणजे दानपेटीतला पैसा करमुक्त झाला असं नाही. तो कलम ११ च्या नेहमीच्या नियमांत परत जातो. ८५ टक्के खर्च, हिशेब, सगळं लागू. पण अनाथाश्रमाने तो सगळा पैसा मुलांच्या जेवणावर खर्च केला तरी त्याला ३० टक्के चुकत नाहीत, हा फरक आहे.

आता शिर्डी. श्री साईबाबा संस्थानाच्या दानपेट्यांवरून आयकर विभाग आणि संस्थान यांच्यात वाद झाला. विभागाचं म्हणणं : तुमच्याकडे ८०जी आहे म्हणजे तुम्ही धर्मादाय. २०१९ पर्यंत तुम्ही चारशे कोटींच्या वर निनावी देणग्या घेतल्या आणि धार्मिक कामावर खर्च केले जेमतेम २.३० कोटी. मग तुम्ही धार्मिक कसले? ३० टक्के भरा. न्यायाधिकरणाने संस्थानाच्या बाजूने निर्णय दिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन) विभागाचं अपील फेटाळलं. न्यायालयाने संस्थानाची उद्दिष्टं आणि २००४ च्या राज्य कायद्याने त्यावर टाकलेली कर्तव्यं पाहिली. मंदिर, पूजा, उत्सव आहेत, तसंच रुग्णालय, शिक्षण, अन्नदानही आहे. म्हणून संस्था दुहेरी, आणि अपवादाला पात्र.

विभागाच्या युक्तिवादाकडे नीट बघा, कारण आपल्यातले बरेच जण प्रबंधात नकळत तेच करतात : जमाखर्चातल्या शीर्षकांवरून संस्थेचा स्वभाव ठरवणं. आपल्या राज्यात सार्वजनिक ट्रस्टाचं उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट ९ मध्ये द्यावं लागतं आणि त्यात उद्दिष्टांवरच्या खर्चाचे कप्पे ठरलेले असतात : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण, इतर धर्मादाय. आता मला सांगा, प्रसादालयातलं जेवण कुठल्या कप्प्यात घालायचं? भाविकाला तो प्रसाद आहे. भुकेल्याला जेवण आहे. हिशेबनीसाला तो एक रकाना आहे आणि तो कुठला, हे बहुतेकदा गेल्या वर्षी कुठल्या रकान्यात टाकलं होतं यावरून ठरतं! 'धार्मिक खर्च इतके टक्के' हा आकडा म्हणजे संस्थेच्या धार्मिकतेचं माप असतंच असं नाही. कित्येकदा ते सीएच्या सवयीचं माप असतं. साईबाबांच्या चरित्रांत तर असं वर्णन आहे की ते मागून घेतलेली दक्षिणा संध्याकाळपर्यंत वाटून टाकत. ते वाटणं धार्मिक की धर्मादाय, हे विचारायला तेव्हा कुणी अधिकारी बसला असता तर त्याचीही पंचाईत झाली असती. दाऊदी बोहरा जमात प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयानेही हेच पाहिलं होतं. पवित्र दिवशी जेवण घालणं, धार्मिक शिक्षण, गरजूंना मदत, ही कामं एकाच वेळी धार्मिकही असू शकतात आणि धर्मादायही.

म्हणून कायद्याचे शब्द जसे आहेत तसे घेतले तर मला शिर्डीचा निकाल बरोबर वाटतो. खोट शब्दांतच आहे. विभागाने टक्केवारी पाहिली, न्यायालयाने उद्दिष्टं पाहिली. दोघांनाही 'ही संस्था धार्मिक आहे का?' याच प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं, कारण कायदा तोच विचारतो. पण ज्या हेतूने हे कलम आणलं, बेहिशेबी पैसा, त्याचा या प्रश्नाशी संबंधच नाही. काळा पैसा दानपेटीत पडताना समोर गाभारा आहे की वसतिगृह, हे बघत नाही. २०१७ पासून लागू असलेलं कलम २६९एसटी आठवा : एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही. दानपेटीत हा नियम तपासायचा कसा? 'एक व्यक्ती' कोण हेच माहीत नाही. ज्या ठिकाणी जोखीम सर्वांत मोठी असू शकते तिथेच कायद्याने डोळे मिटले आहेत.

२०२५ मध्ये हे डोळे अर्धे उघडायचा प्रयत्न झाला. फेब्रुवारीत लोकसभेत मांडलेल्या नव्या आयकर विधेयकात दुहेरी संस्थांचा अपवाद गाळला होता, फक्त निव्वळ धार्मिक संस्थांचा ठेवला होता. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने जुलैमधल्या अहवालात तो परत घालायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात तो परत आला. नवा कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. माझ्या मते गाळणंही चुकलं आणि परत घालणंही पुरेसं नव्हतं. गाळलं असतं तर विचित्र बक्षीस-योजना झाली असती : जे देवस्थान दानपेटीतून रुग्णालय चालवतं त्याला ३० टक्के, जे निव्वळ सोन्याचा कळस चढवतं त्याला शून्य. परत घातल्यावर अनाथाश्रमाचा प्रश्न आहे तिथेच राहिला.

आता माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, जो तुम्ही टाळलात तर प्रबंध एकांगी होईल. गुप्तदान ही पळवाट नाही, परंपरा आहे. देणाऱ्याचं नाव न कळणं हाच त्या दानाचा गाभा. पेटीशेजारी वही-पेन घेऊन माणूस बसवला की ते दान राहत नाही, पावती होते. शिवाय नाव लपवण्याची कारणं नेहमी करचुकवेगिरीची नसतात. घरच्यांना न सांगता दर्ग्यावर चादर चढवणारा असतो. ज्या देवळात आजोबांना पायरीवर थांबवलं होतं तिथे आज गुपचूप नोट टाकणारा असतो. त्याचं नाव सरकारी नोंदीत यावं असं मला अजिबात वाटत नाही.

पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो धर्मापाशी थांबत नाही. कर्करोग रुग्णांच्या मदतपेटीत नोट टाकणाऱ्यालाही आपलं दुखणं जगजाहीर करायचं नसतं. निनावीपणाला मोल असेल तर ते देणाऱ्याच्या खासगीपणाचं आहे, आणि तो खासगीपणा आश्रमाच्या डब्यालाही तेवढाच लागू आहे. म्हणून माझी बाजू अशी : पेटीतल्या छोट्या निनावी दानाला सगळ्यांसाठी सूट द्या, धार्मिक असो वा नसो. मोठ्या रकमेला, सोन्याला, नोटांच्या बंडलांना कुणासाठीच नको. 'छोटं' कसं ओळखायचं, पेटीत सगळं मिसळतं, ही अडचण खरी आहे. पण पेटी उघडताना सुटी नोट आणि रबर लावलेलं बंडल वेगळं दिसतं, दागिन्याचं वजन होतं, मोठ्या देवस्थानांत मोजणीला बँकेची माणसं आणि सीसीटीव्ही असतात. म्हणजे माहिती तयार होते, फक्त कायदा ती विचारत नाही.

आणि इथेच तुमचा विषय आहे. 'करमाफी असावी का' सोडा. एक जिल्हा घ्या. दहा देवस्थानं आणि दहा बिगरधार्मिक संस्था निवडा. धर्मादाय कार्यालयात त्यांची पाच वर्षांची परिशिष्ट ८ आणि ९ मागा. पेटीतली जमा वेगळी दाखवली आहे का, अन्नदान कुठल्या रकान्यात आहे, तो रकाना मधेच कुठल्या वर्षी बदलला आणि तेव्हा कर-सल्लागार बदलला होता का, एवढंच तपासा. पेटी कोण उघडतं, किती दिवसांनी, मोजणीच्या पंचनाम्यावर कुणाच्या सह्या असतात, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. विश्वस्त सुरुवातीला दाद देणार नाहीत. हिशेबनीसापासून सुरुवात करा. त्याला या रकान्यांबद्दल बरंच बोलायचं असतं, आणि आजवर कुणी विचारलेलं नसतं.